स्तनांची स्वपरीक्षा : आमच्या कन्यांच्या मनात काय आहे?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात महिला शाखेच्या विनंतीवरून केलेले भाषण)



आजच्या आमच्या भाषणाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर ‘स्त्रियांचे आरोग्य’ असा छापला आहे. तो तसा मोघम छापावा लागला, यातच आम्हांस जे सांगावयाचे आहे त्याचे निम्मे सार आले. खरा विषय आहे स्त्रियांच्या स्तनांचा कर्करोग, आणि आपल्या तरुण मुलींनी आपल्या स्तनांची स्वतःच करावयाची तपासणी. महिला शाखेच्या भगिनींनी विषय सुचविला तो याच शब्दांत. पण तो शब्द पत्रिकेवर घालावयास छापखान्यापर्यंत जाता जाता सर्वांचाच धीर सुटला. ज्या अवयवाचे नाव घेण्यास आपण कचरतो, त्याचे दुखणे आपल्या घरातील मुलीने आपल्याला मोकळेपणाने सांगावे, ही अपेक्षा कितपत योग्य आहे याचा विचार प्रारंभीच व्हावा.

आम्ही वैद्य नाही. जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, होऊन आम्ही शाळामास्तर झालो आणि आयुष्यभर मुलामुलींना शिकवून निवृत्त झालो. या विषयावर एखाद्या स्त्री-डॉक्टरने बोलावे हे रास्तच, आणि तशी व्यवस्था महिला शाखा करणारच आहे. परंतु भगिनींचे म्हणणे असे पडले की, घरातील पुरुषांच्या कानांवर घातल्यावाचून हा प्रश्न सुटावयाचा नाही, आणि पुरुषांनी भरलेल्या सभेत हे बोलावयास पिकल्या केसांचा मास्तरच बरा. त्यांची ही आज्ञा आम्ही शिरसावंद्य मानली.

प्रथम रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. भारतातील स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आज स्तनांच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला लागतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लक्ष ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. श्रीमंत देशांत हा रोग झालेल्या शंभर स्त्रियांपैकी नव्वदांहून अधिक निदानानंतर निदान पाच वर्षे जगतात. भारतात हेच प्रमाण शंभरात ६६ आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा फरक का पडतो? पैशाची अडचण आहे, दवाखान्याचे अंतर आहे, हे खरेच. पण एक मोठे कारण आपल्या माजघरात आहे. गाठ सुपारीएवढी असताना आपली स्त्री ती पदराखाली झाकते, आणि लिंबाएवढी झाल्यावर डॉक्टरांकडे जाते. दुखणे अंगावर काढणे हा बायकांचा सद्गुण म्हणून आपण पिढ्यान् पिढ्या वाखाणीत आलो. या रोगात तर प्रारंभीची गाठ बहुधा दुखतच नाही. मग अंगावर काढल्याचेही तिला वाटत नाही.

आता मुलींकडे वळू. या भाषणाच्या तयारीसाठी महिला शाखेने आपल्या ज्ञातीतील कॉलेजात जाणाऱ्या व नुकत्याच नोकरीस लागलेल्या मुलींकडून निनावी चिठ्ठ्या मागविल्या होत्या. स्तनांची स्वतः तपासणी करावयाची असते हे ठाऊक आहे काय, करता काय, करीत नसल्यास का नाही, एवढेच तीन प्रश्न. चिठ्ठ्या भगिनींनी वाचल्या आणि त्यांतील मतलब अक्षर न दाखविता आम्हांस सांगितला. त्यांतून जे कळले ते विचार करावयास लावणारे आहे.

आमची समजूत होती की, मुलींना ठाऊकच नसेल. तसे मुळीच नाही. पुष्कळजणींना ठाऊक आहे. कॉलेजात व्याख्यान झालेले असते, मोबाईलवर चित्रफीत पाहिलेली असते. ठाऊक असूनही करणाऱ्या मात्र थोड्या. न करण्याची जी कारणे त्यांनी दिली, त्यांचे साधारण पाच प्रकार पडतात. पहिला, हा रोग वयस्क बायकांचा, आमचा त्याशी संबंध काय. दुसरा, स्वतःच्या अंगास असा हात लावून पाहणे चांगले वाटत नाही. तिसरा, काही लागले तर पुढे काय करावयाचे, या भीतीने न पाहणेच बरे वाटते. चौथा, आईस सांगावे तर ती रडावयास लागेल, वडिलांस सांगता येत नाही, आणि घरचे डॉक्टर पुरुष. पाचवे कारण थोड्याच चिठ्ठ्यांत होते, पण ते वाचताना भगिनींचे डोळे ओले झाले. गाठ आहे हे बाहेर कळले तर लग्न कसे जमेल?

या पाचांपैकी अज्ञान म्हणता येईल असे पहिले एकच. दुसरे व तिसरे यांचे मूळ संस्कारांत आहे. आणि शेवटची दोन कारणे तर मुलींची नव्हेतच, ती आपली आहेत. म्हणून आम्ही क्रमाने सर्वांचा परामर्श घेऊ इच्छितो.

पहिल्या कारणात तथ्य आहे, ते मान्य केले पाहिजे. विशी-पंचविशीत हा कर्करोग क्वचितच होतो. त्या वयात हातास लागणारी गाठ बहुधा निरुपद्रवी असते. फायब्रोअॅडिनोमा नावाची, बोटाखाली गोटीसारखी सरकणारी गाठ तर तरुण मुलींत नेहमी आढळते. मासिक पाळीच्या आगेमागे स्तन जड होणे, दुखणे, गाठीगाठी लागणे हेही स्वाभाविक आहे. तथापि ‘बहुधा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे. गाठ कोणत्या जातीची हे नुसत्या बोटांनी मुलीस ठरविता येत नाही, तिच्या आईस नाही, आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही नाही. त्यासाठी सोनोग्राफी व गरज पडल्यास सुईने नमुना काढून तपासणी करावी लागते. शिवाय आपल्या देशात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने सरासरीने काहीशा लहान वयात दिसतो. म्हणून मुलींनी घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि निष्काळजी राहण्याचेही नाही.

दुसरे कारण लज्जेचे. लज्जा हे स्त्रीचे भूषण असे आपण म्हणत आलो. त्या भूषणाची किंमत कोणी मोजली हे इतिहासात नमूद आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या त्यापूर्वी श्रीरामपूर येथे त्यांनी भाषण करून आपल्या जाण्याचे कारण सांगितले. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची नितांत गरज आहे, हेच ते कारण. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि पुढील वर्षीच क्षयाने निवर्तल्या. त्यांच्या मागून रखमाबाई विलायतेत डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर स्त्रियांची शुश्रूषा केली. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले, शरीराविषयी स्पष्ट लिहिले आणि त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले. या मंडळींनी एवढे सोसल्यावर आज शहरोशहरी स्त्री-डॉक्टर आहेत. आणि आमची पदवीधर कन्या मात्र स्वतःच्या शरीरास हात लावून पाहावयास संकोचते. ‘भीड भिकेची बहीण’ अशी आपल्याकडे म्हण आहे. या बाबतीत ती भिकेवर थांबत नाही.

तिसरे कारण भीतीचे. येथे आम्हांस थोडा शास्त्राचा आधार घेतला पाहिजे, आणि शास्त्र सांगताना त्यातील गैरसोयीचा भाग लपविणे मास्तरास शोभत नाही. स्तनांची स्वतः तपासणी करावी असा प्रचार अमेरिकेत गेल्या शतकाच्या मध्यास जोरात सुरू झाला. १९५० साली तेथील कर्करोग संस्थेने त्यावर चित्रपटही काढून दाखविला. पुढे प्रश्न निघाला की, अशा तपासणीने प्राण खरोखर वाचतात काय? चीनमधील शांघाय शहरात कापडगिरण्यांतील २ लक्ष ६६ हजारांवर कामगार स्त्रियांचे १९८९ ते १९९१ या काळात दोन भाग केले. एका भागास तपासणीचे काटेकोर शिक्षण दिले, उजळणी करून घेतली. दुसऱ्यास दिले नाही. सुमारे दहा वर्षांनी, २००२ साली, हिशेब प्रसिद्ध झाला. शिकविलेल्या भागात या रोगाने १३५ स्त्रिया दगावल्या आणि न शिकविलेल्या भागात १३१. म्हणजे फरक काहीच पडला नाही. उलट शिकविलेल्या भागात निरुपद्रवी गाठींसाठी अधिक स्त्रियांना शस्त्राखाली जावे लागले. त्यानंतर अनेक देशांतील वैद्यकसंस्थांनी दरमहा ठराविक विधीप्रमाणे तपासणी कराच, असा आग्रह सोडला.

हे ऐकून कोणी म्हणेल, मास्तर, मग हे भाषण कशासाठी? थोडे थांबावे; दुसरा हिशेब आपल्या मुंबईतला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १ लक्ष ५१ हजारांवर स्त्रियांचा असाच अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांकडे शिकविलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी जाऊन, रोगाची लक्षणे समजावून सांगून, त्यांचे स्तन हाताने तपासीत. अशा चार फेऱ्या झाल्या. या सेविका कोणी मोठ्या पदवीधर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचे शिक्षण घेतलेल्या मुली होत्या. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या भागात रोग पुढच्या, म्हणजे तिसऱ्या व चौथ्या, अवस्थेत सापडण्याचे प्रमाण शंभरात ३७ होते. न तपासलेल्या भागात ४७. पन्नास व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंत तसा फरक दिसला नाही.

या दोन हिशेबांतून आम्ही आमच्या अल्पमतीप्रमाणे असा बोध घेतो. केवळ बोटांनी शोधण्याने कोणी वाचत नाही. जे आढळले ते बोलून दाखविणे, जाणत्या हाताकडून तपासून घेणे आणि वेळेवर उपचार होणे, ही साखळी पुरी झाली तरच प्राण वाचतो. मुलीने आपले शरीर ओळखावे हा त्या साखळीचा पहिला दुवा. तेथे थांबले तर पदरी केवळ भीती येते, आणि तो दुवाच नसला तर पुढचे दुवे कशास जोडणार? म्हणून कन्यांस आमचे सांगणे एवढेच की, ही परीक्षा नापास होण्याच्या भीतीने द्यावयाची परीक्षा नव्हे. हिला परीक्षा न म्हणता ओळख म्हणावे. आरशात आपला चेहरा रोज पाहणाऱ्या मुलीस नवा तीळ उमटला तर तत्काळ कळतो, तसेच हे.

ओळख करून घेण्याची रीत सोपी आहे. पाळी संपल्यानंतर काही दिवसांनी, जेव्हा स्तन मऊ असतात तेव्हा, आरशासमोर उभे राहून हात खाली व मग वर करून आकारात काही नवा फरक दिसतो काय ते पाहावे. मग स्नानाच्या वेळी किंवा आडवे पडून, मधल्या तीन बोटांच्या सपाट भागाने, गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत आणि काखेपर्यंत, प्रथम हलके व मग थोडे दाबून चाचपावे. चिमटीत धरून पाहू नये. तसे केल्यास गाठ नसतानाही गाठ भासते. एखादा महिना राहिला तरी बिघडत नाही. लक्षात ठेवावयाचे ते हे : नवी गाठ, दुखणारी वा न दुखणारी, काखेतील गाठ, कातडीस खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे, त्यातून रक्त किंवा आपोआप पाणी येणे, स्तनाग्रावरचे बरे न होणारे चट्टे. यांपैकी काही आढळले तर डॉक्टरांकडे जावे. पुढची पाळी येऊन गेली तरी गाठ तशीच असेल, तर आणखी वाट पाहण्याचे काहीच कारण नाही. लेप लावून, मंत्रून, अंगारा लावून कोणी महिने घालवू नयेत. सुई लावली की रोग पसरतो ही समजूत निराधार आहे. आणि हा रोग स्पर्शाने लागत नाही.

आता चौथे कारण, सांगावे कोणास? याचे उत्तर मुलींनी द्यावयाचे नसून मातापित्यांनी द्यावयाचे आहे. मातांस आमची विनंती की, मुलगी काही सांगावयास आली तर प्रथम डोळ्यांस पदर लावू नये. ऐकून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर जावे. पित्यांस विनंती की, ‘हे बायकांचे’ म्हणून उठून जाऊ नये. डॉक्टर पुरुष असेल तर तपासणीच्या वेळी परिचारिका किंवा आई जवळ असावी असे म्हणण्याचा मुलीस हक्क आहे. स्त्री-डॉक्टर हवी असे सांगण्यातही गैर काही नाही.

येथे मातांसाठीच एक गोष्ट. मुलीपेक्षा धोका आईस अधिक आहे, कारण वयाबरोबर हा रोग वाढतो. तीस वर्षांपुढील स्त्रियांची स्तनतपासणी शिकविलेल्या आरोग्यसेविकेकडून व्हावी, अशी सरकारची योजना २०१६ पासून आहे. पण २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, ३० ते ४९ वयाच्या हजार स्त्रियांपैकी अवघ्या नऊ जणींची अशी तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती. आमच्या कन्यांना आम्ही गृहपाठ देतो : प्रत्येकीने आपल्या आईस, मावशीस, आत्यास, काकूस हाताला धरून ही तपासणी करवून आणावी. तरुण मुलीच्या या ज्ञानाचा सर्वांत मोठा लाभ कदाचित तिच्या आईसच होईल.

राहिले पाचवे कारण. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या न्यायाने आपण मुलींची दुखणी झाकतो. आपले मंडळ दरवर्षी वधूवर मेळावा भरविते, आणि त्याचा आम्हां सर्वांस अभिमान आहे. पण ज्या मुलीची निरुपद्रवी गाठ काढली आहे, तिच्या अंगावरील बोटभर व्रणाची कुजबुज त्याच मेळाव्यात होणार असेल, तर पुढची मुलगी आपली गाठ कोणास सांगणार नाही. ती थांबेल. लग्न होईपर्यंत थांबेल, मग पहिले मूल होईपर्यंत थांबेल. एखादीची गाठ थांबणारी नसेल. मुलीच्या बापाने व्याह्यास काही लपवावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण वेळीच डॉक्टरांकडे गेलेली मुलगी म्हणजे शहाण्या घरातली मुलगी, असा अर्थ त्या व्रणाचा घ्यावा. मुलांच्या मातापित्यांनी या सभेत एवढा निश्चय केला तरी आमचे बोलणे सार्थकी लागेल.

आणखी एक मुद्दा आपल्या कुलवृत्तांताचा. त्यात पुरुषांची पदवी, हुद्दा, घरदार सारे असते. सुनालेकींविषयी मात्र कित्येक ठिकाणी ‘अल्पवयात निवर्तली’ एवढेच. कशाने, ते नाही. स्तनांच्या कर्करोगांपैकी शंभरात पाच ते दहा आनुवंशिक दोषाने होतात, आणि तो दोष आईकडून जसा येतो तसाच बापाकडूनही येऊ शकतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आजोळी कोणास झाला होता हे विचारतात. आत्यास किंवा आजीस, म्हणजे बापाच्या आईस, काय झाले होते हे कोणी विचारीत नाही. ही माहिती छापावी असे आम्ही म्हणत नाही. पण प्रत्येक घराने ती आपल्यापाशी लिहून ठेवावी आणि वयात आलेल्या मुलीस सांगावी. जवळच्या नात्यात दोघीतिघींना, किंवा एखादीस फार लहान वयात हा रोग झाला असेल, तर त्या घरच्या मुलींनी डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा.

शेवटी मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. एक, महिला शाखेने वर्षातून दोनदा स्त्री-डॉक्टरांकडून तीस वर्षांपुढील भगिनींची तपासणी व मुलींसाठी व्याख्यान ठेवावे, आणि पत्रिकेवर विषय त्याच्या खऱ्या नावाने छापावा. दोन, ज्या भगिनीस मोठ्या रुग्णालयात जाणे भाग आहे, तिच्याबरोबर जावयास मंडळाने एक जाणती सोबतीण द्यावी व विद्यार्थी सहायक निधीप्रमाणे प्रवासखर्चासाठी लहानसा निधी काढावा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या सरकारी योजनांत कर्करोगाच्या अनेक उपचारांची सोय आहे. तिचे कागद भरून देण्याचे काम आमच्यासारख्या निवृत्तांनी करावे, आणि त्यासाठी आमचे नाव आजच लिहून घ्यावे. तीन, स्त्रीने डॉक्टरांस प्रथम दाखविल्यापासून साठ दिवसांत रोगाचे निदान झाले पाहिजे, असे ध्येय जागतिक आरोग्य संघटनेने देशांपुढे ठेवले आहे. ते साठ दिवस सरकारने व रुग्णालयांनी पाळावयाचे. त्याआधीचे जे दिवस गाठ हातास लागल्यापासून डॉक्टरांचे दार गाठेपर्यंत जातात, ते मात्र सर्वस्वी आपल्या घराच्या हाती आहेत. ते आठवड्यापलीकडे जाऊ नयेत, असा नियम प्रत्येक ज्ञातिकुटुंबाने स्वतःस घालून घ्यावा.

ज्या कन्यांनी निनावी का होईना, खरे ते लिहिले, त्यांचे आम्ही मनापासून आभार मानतो. पुढील वर्षी चिठ्ठीवर नाव घालण्याचा धीर त्यांना होवो, आणि तो धीर देणारी घरे आपल्या ज्ञातीत वाढोत, एवढीच आमची इच्छा आहे.